‘केसाच्या मुळातील मूळपेशी’ : हा शब्दप्रयोग नेमका आहे काय?

प्रश्न : त्वचेच्या जखमांविषयी लिहिताना ‘केसाच्या मुळातील मूळपेशी जखम भरून काढतात’ असे वाक्य मी लिहिले. त्यात ‘मूळ’ दोनदा आल्याने ‘मूळपेशी’ऐवजी (स्टेम सेल, म्हणजे जिच्यापासून इतर पेशी तयार होतात ती पेशी) ‘स्कंधपेशी’ हा शब्द वापरावा काय?

उत्तर : माझ्या मते येथे द्विरुक्तीपेक्षा अर्थाचा दोष मोठा आहे. ‘केसाचे मूळ’ म्हटले की वाचकासमोर केसाच्या तळाचा गड्डा उभा राहतो. या पेशींची कायमची वस्ती मात्र त्याच्या बरीच वर, जिथे अंगावर काटा आणणारा स्नायू केशपुटकाला (केस ज्यातून उगवतो त्या त्वचेतील पिशवीला) जोडलेला असतो, त्या भागातील फुगवट्यात असते. उंदरांवरील प्रयोगांतून हे स्थान १९९० साली पुढे आले. त्याआधी केस वाढवणाऱ्या मूळपेशी तळाशीच असाव्यात, असा समज होता. ‘मूळपेशी’मधील ‘मूळ’ म्हणजे आद्य, तर ‘केसाचे मूळ’ म्हणजे रुजलेले टोक, आणि हे दोन अर्थ शेजारी आले की तोच जुना समज नकळत पक्का होतो. ‘स्कंध’ म्हणजे फांद्या फुटतात ते खोड. शब्द अर्थवाही आहे, पण आज तो ऐकताच आधी खांदा आठवतो. म्हणून ‘केशपुटकाच्या फुगवट्यातील मूळपेशी’ असे मी लिहीन.

‘भरून काढतात’ या क्रियापदाकडेही पाहावे. त्वचेच्या बाह्यस्तराची नेहमीची झीज भरण्यात या पेशींचा वाटा नसतो. जखम झाल्यावर मात्र त्यांची संतती काही दिवसांतच वर सरकून जखमेच्या मध्याकडे निघते, आणि तरीही त्यांतील बहुतेक पेशी पुढील काही आठवड्यांत नाहीशा होतात, असे २००५ मधील उंदरांवरील अभ्यासात आढळले. तळहाताला केस नसतात, तरी तिथली जखम भरतेच. तेव्हा ‘जखम भरून येण्यास तातडीने हातभार लावतात’ एवढेच म्हणणे योग्य. या स्थलांतराच्या काळात पेशीत केशपुटकाची आणि बाह्यस्तराची अशा दोन्ही खुणा एकाच वेळी दिसतात. या अवस्थेला ‘दुहेरी ओळख’ म्हणता येईल. जखम बरी झाली की ती ओसरते, काही त्वचाकर्करोगांत मात्र टिकून राहते.

प्रश्न : मग ‘व्रणावर केस उगवत नाहीत’ हे वाक्य बरोबर आहे ना?

उत्तर : आशय बरोबर आहे, शब्द संदिग्ध आहे. संस्कृतात ‘व्रण’ म्हणजे जखम; मराठीत तो जखमेला आणि मागे राहिलेल्या खुणेलाही लावतात. खुणेसाठी ‘वण’ हा त्याचाच तद्भव शब्द आपल्याकडे असताना शास्त्रीय लेखनात हा घोटाळा कशाला ठेवावा? नुसते खरचटले, तर केशपुटकांचा खालचा भाग शाबूत राहतो आणि प्रत्येकाच्या तोंडाशी नव्या त्वचेचे बेट तयार होऊन पसरते. खोल जखमेत केशपुटकेच नष्ट होतात, त्वचा केवळ कडांकडून आत सरकते आणि वण बिनकेसांचा राहतो. प्रौढ उंदरांच्या मोठ्या जखमांच्या मध्यभागी नवी केशपुटके तयार होतात, हे २००७ साली दिसून आले. म्हणून आपल्या वाक्यात ‘माणसाच्या’ हा शब्द घालून ‘माणसाच्या खोल जखमेच्या वणावर सहसा केस उगवत नाहीत’ असे लिहावे.