पहिल्यांदाच डीएम होतोय, ४० पानं लिहून झाली तरी धाकधूक आहे

कोरी_वही

नमस्कार मंडळी. येत्या शनिवारी पहिल्यांदाच डंजन्स अँड ड्रॅगन्स चालवायला बसतोय. हा फासे टाकत सगळ्यांनी मिळून गोष्ट रचायचा खेळ, आणि डीएम (डंजन मास्टर) म्हणजे गोष्ट सांगणारा आणि नियम सांभाळणारा. पाचवी आवृत्ती, २०१४च्या स्टार्टर सेटमधलं साहस, पाच खेळाडू, सगळे पहिल्या लेव्हलला. त्यातली माझी मामेबहीण आणि तिचा नवरा वीस बाजूंचा फासाच पहिल्यांदा हातात घेणार आहेत.

तीन आठवडे खपून वहीची ४० पानं भरलीत. गावाचा इतिहास, राजघराण्याची वंशावळ, खलनायकाचं बालपण, सगळं. तरी मनात एकच येतं, हे लोक मी लिहिलेलं सोडून भलतीकडेच निघाले तर? मध्येच नियम अडला तर? आणि बोलायचं मराठीत की इंग्रजीत? पुस्तक तर सगळं इंग्रजीत आहे.

मधली_सुट्टी

नियमांचं टेन्शन घेऊ नका. काम जमायला वीस बाजूंच्या फाशावर बेरजेसह किती यायला हवं? १० सोपं, १५ मध्यम, २० अवघड, एवढं पाठ करा. परिस्थिती खेळाडूच्या बाजूची असेल तर त्याला दोन फासे टाकू द्या आणि मोठा आकडा धरा. बाकी काही अडलं तर जागच्या जागी निर्णय द्या, वहीत टिपून ठेवा आणि खरा नियम घरी जाऊन बघा. खेळ थांबवून पुस्तक चाळत बसलात की टेबलावरचे मोबाइल बाहेर आलेच म्हणून समजा.

घाटमाथा

नाशिकला आमच्या घरी सहा वर्षं शनिवारचा खेळ चालवतेय. मीही याच साहसापासून सुरुवात केली होती, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

सुरुवातीलाच रस्त्यात दोन मेलेले घोडे आणि झाडीत दबा धरलेले चार गॉब्लिन, म्हणजे छोटे लुटारू राक्षस, आहेत. वाचताना सोपं वाटतं. माझ्या पहिल्या सेशनला तिथेच आमची विझर्ड, म्हणजे एका मैत्रिणीचं जादूगार पात्र, मेली. तिचे हिट पॉइंट, म्हणजे किती मार सोसता येईल तो आकडा, सात. गॉब्लिनच्या बाणाला मला वीस पडला, म्हणजे नुकसानाचा फासा दुप्पट: दोन डी६ (सहा बाजूंचे फासे) अधिक २. दोन्हींवर सहा आले, एकूण १४. शून्यावर आल्यानंतर उरलेलं नुकसान कमाल हिट पॉइंटांइतकं असेल तर डेथ सेव्ह, म्हणजे जगण्यासाठी फासा टाकायची संधी, मिळतच नाही, माणूस जागीच संपतो. १४ वजा ७, उरले ७. मी नियमाप्रमाणे सांगून टाकलं. त्या मैत्रिणीने दोन तास बसून पात्राची शीट भरली होती, कोपऱ्यात आपल्या घुबडाचं चित्र काढलं होतं, त्याच्या पंखांना निळी छटासुद्धा दिली होती. तिने पेन्सिल खाली ठेवली, उठली आणि ओट्यापाशी जाऊन सगळ्यांसाठी चहा टाकला. नंतर टेबलावर आलीच नाही. तिचं ते उठून जाणं आजही डोळ्यांसमोर आहे.

नियम बरोबरच होता. माझं चुकलं ते वेगळंच. त्या गॉब्लिनांना हवंय काय, हे मी ठरवलंच नव्हतं. त्यांना लुटायचं होतं, मरायची हौस त्यांना नव्हती. आता मी तोच प्रसंग चालवते तेव्हा दोघे पुढे येतात, दोघे झाडीतून ओरडतात, गाडीतलं सामान मागतात. एक पडला की बाकीच्यांचे पाय लटपटतात. कोणी पळतो, कोणी शरण येतो. मग खेळाडूंना मारण्यापलीकडे काहीतरी करता येतं आणि खरी मजा तिथून सुरू होते.

तुमच्या ४० पानांचंही तेच. कष्ट वाया गेले असं म्हणत नाही, पण शनिवारी टेबलावर एकच पान ठेवा. भेटणाऱ्या प्रत्येकापुढे तीन गोष्टी: याला काय हवंय, हा कशाला घाबरतो, आणि खेळाडू मध्ये पडलेच नाहीत तर हा काय करेल. खलनायकाचं बालपण खेळाडूंना कळणार कधी? तो समोर आला की दुसऱ्या वाक्याला फासे पडायला लागतात. पण त्याला काय हवंय ते तुम्हाला पक्कं ठाऊक असेल, तर खेळाडू भलतीकडे गेले तरी तो काय करेल ते तुम्हाला लगेच सुचेल. त्याच पानाच्या मागे दहा नावं लिहून ठेवा. रस्त्यात भेटलेल्या कुठल्याही गाडीवानाचं नाव ते विचारणारच.

अजून एक. ज्या माहितीवाचून गोष्ट अडते, ती फाशावर टांगू नका. वाट कुठे जाते हे कळायला १५ लागेल असं म्हणालात आणि पाचही जणांना कमी पडलं, तर पुढे काय? वाट दिसू द्या. फासा टाकायचा तो आवाज न करता पोचता येतं का, यासाठी.

भाषा मराठीच ठेवा. पात्राच्या गुणांपैकी कॉन्स्टिट्यूशनला आम्ही 'दम' म्हणतो, करिष्माला 'छाप'. माझी आजी अकोल्याची, म्हणून आमच्या गावचा लोहार तिच्यासारखा बोलतो: "काय बाप्पा, एवढ्या रात्री कुठून येऊन रायले?" त्या एका वाक्याने तो लोहार सगळ्यांचा झाला. बोली हसण्यासाठी मात्र वापरू नका, तुमच्या कानात असेल तीच वापरा.

आणि खेळाआधी प्रत्येकाला एकेकटं गाठून विचारा, कुठला विषय नको आहे. आमच्यातल्या एकाचे वडील तेव्हा नुकतेच गेले होते. विचारलं म्हणून कळलं, आणि कथेतला आजारी सरदार मी काढून टाकला.

उंबरठा

घाटमाथा, बाकी सगळं पटलं, पण फासे पडद्याआड टाकून खेळाडूला वाचवण्याच्या मी विरोधात आहे. मी सगळ्यांसमोर टाकतो. एकदा आकडा बदललेला लक्षात आला की पुढच्या कुठल्याच आकड्यावर त्यांचा विश्वास राहत नाही.

कोरी_वही, भाषेबद्दल एक कामाची गोष्ट: पाचव्या आवृत्तीचे मूळ नियम, म्हणजे एसआरडी (सिस्टिम रेफरन्स डॉक्युमेंट) ५.१, जानेवारी २०२३ पासून क्रिएटिव्ह कॉमन्सखाली खुले आहेत. श्रेय दिलं की भाषांतर करून वाटता येतात. मामेबहिणीसाठी एक पानी मराठी शीट बिनधास्त बनवा.

घाटमाथा

उंबरठा, मीही समोरच टाकते. आकडा नका बदलू, गॉब्लिनचं वागणं आधी ठरवा, एवढंच म्हणतेय.

कोरी_वही

काल झालं सेशन! साडेतीन तास. तीन गॉब्लिन पडले, चौथा शरण आला. मामेबहिणीने त्याचं नाव विचारलं, मी दहांतलं पहिलं वाचलं: बंड्या. आता तो दोरीने बांधलेला गाडीत बसलाय, आणि तिने त्याला आपल्या वाटणीची अर्धी भाकरी दिली आहे. गुहेचा रस्ता त्याला माहीत आहे. पुढच्या शनिवारी तो खरं बोलेल का?

घाटमाथा

तो गुहेत कोणाला घाबरतो ते आधी लिहा. भाकरी दिलीय ना, मग रस्ता खरा सांगेल. पण तिथल्या कोणाचं तरी नाव घ्यायचं टाळेल.