बेस हवा म्हणून गायकाचा गळा का दाबायचा?

खर्जप्रेमी (धागाकर्ता):
भाचीला वाढदिवसाला हेडफोन द्यायचाय. तिची मागणी: "मामा, बेस दणदणीत पाहिजे, पण गाण्याचे शब्दपण कळले पाहिजेत." माझी अट: दोन हजारांच्या आत. पुण्याच्या तपकीर गल्लीत जाऊन सहा-सात नग कानाला लावून पाहिले. जवळपास प्रत्येक खोक्यावर 'एक्स्ट्रा बेस' नाहीतर 'डीप बेस', आणि ऐकायला सगळीकडे तीच तऱ्हा. ढोल कानात आणि गायक तोंडावर उशी धरून गातोय.

माझं मत मांडतो, मग तुम्ही फाडा. या किमतीत जोरकस बेस आणि स्वच्छ मिड्स (मधल्या पट्टीतला आवाज, जिथे गाणारा असतो) दोन्ही मिळतात, पण वायरच्या इन-इअरमध्येच, म्हणजे कानाच्या आत बसणाऱ्या बोंडांत. दोन हजारांचा ब्लूटूथवाला मोठा हेडफोन घेतलात, तर त्यातले पैसे बॅटरी, चिप, माइक, बटणं असे वाटले जातात. आवाजाच्या वाट्याला काय उरणार?

दुसरा मुद्दा बेसचाच. काळी एकमध्ये गाणाऱ्या पुरुष गायकाचा षड्ज, म्हणजे सा, असतो साधारण १३८ हर्ट्झवर. तो मंद्र पंचमावर, म्हणजे खालच्या प वर, उतरला की १०४. म्हणजे गायकाचा गळा आणि बेसचा मुलूख एकमेकांत घुसलेले आहेत. आता १५० ते ३०० चा पट्टा फुगवला, तर डग्ग्याबरोबर गायकही फुगणार आणि दोघांचा चिखल होणार. स्वस्त हेडफोनात बऱ्याचदा हाच पट्टा फुगवलेला असतो, कारण तो दुकानाच्या गोंगाटातही पटकन जाणवतो. खरा बेस १०० च्या खाली उचलायचा आणि २०० च्या वर हात लावायचा नाही. हर्मन कंपनीच्या शॉन ऑलिव्ह आणि टॉड वेल्टी यांनी २०१३ च्या सुमारास श्रोत्यांना वेगवेगळे आवाज ऐकवून त्यांच्या आवडीचा जो आलेख काढला, त्यातही बेसचा उंचवटा साधारण तिथूनच खाली सुरू होतो. बेस जास्त म्हणजे मिड्स गेले, ही समजूत अर्धवट आहे. कुठला बेस जास्त, ते आधी विचारा.

लोकलकर:
असहमत. हे सगळं पंखा बंद करून खोलीत बसून ऐकणाऱ्यांचं शास्त्र झालं. मी रोज डोंबिवली ते दादर करतो. गाडीचा घरघराट खालच्या पट्टीतला, तो आधी गाण्यातला बेसच गिळतो. तुमचा तो नेमस्त १०० खालचा उंचवटा दिवा स्टेशन येईपर्यंत गायब. खोक्यावर 'एक्स्ट्रा बेस' लिहिणारे वेडे नाहीत, त्यांचं गिऱ्हाईक गाडीत लटकतंय. आणि वायर? उतरताना कोणाच्या तरी बॅगेत अडकते आणि कानासकट निघते. एक संच असाच गेला.

खर्जप्रेमी:
घरघराटाचा मुद्दा मान्य. पण म्हणून तर इन-इअर! नीट बसलं की बाहेरचा आवाज ते आधीच बराच अडवतं. मग बेस फुगवायची गरज कमी आणि आवाजही कमी ठेवता येतो. आठवड्याला ४० तास ऐकणार असाल, तर ८० डेसिबलच्या वर जाऊ नका, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. गोंगाटावर मात करायला लोक किती वाढवतात ते त्यांच्या शेजारी उभं राहिलं की कळतं. शेजाऱ्यालाही शब्द पाठ होतात.

पथकातला:
अहो, बेस ऐकायचा नसतोच, तो छातीवर घ्यायचा असतो. सहा वर्षं ढोल वाजवतोय. १० मिलिमीटरच्या मण्यातून कसला ढोल येणार? ४०-५० मिलिमीटरचा ड्रायव्हर (आवाज काढणारा पडदा) असलेला, कान झाकणारा घ्या आणि मोकळे व्हा.

चष्मिस मास्तर:
@पथकातला, मिलिमीटर मोजून बेस ठरत नाही. कानाच्या नळीत बंद झालेली हवा इतकी थोडी असते, की छोटा पडदाही २०-३० हर्ट्झपर्यंत आरामात उतरतो. फक्त फट राहता कामा नये. खरी गोम इथेच आहे आणि धाग्यात कोणी बोललंच नाही.

मी चष्मा लावतो. कान झाकणारा हेडफोन घातला की चष्म्याच्या काडीपाशी गादी उचलली जाते आणि बेस तिथून गळतो. दोन वर्षं मी हेडफोनला शिव्या घालत होतो. दुकानात एवढंच करा: हेडफोन घाला, गाणं लावा आणि दोन्ही वाट्या तळव्यांनी हलकेच दाबा. बेस एकदम वाढला, तर तो हेडफोन तुमच्या डोक्याला बसत नाही. इन-इअरचंही तेच. खोक्यातून निघतं तेव्हा बहुधा मधल्या मापाचं रबर लावलेलं असतं, लोक तेच घालतात आणि 'बेस नाही' म्हणून परत करतात. तिन्ही मापं लावून पाहा. माझ्या दोन कानांना दोन वेगळी मापं लागतात, हे मला पन्नाशीत कळलं.

लोकलकर:
हे मात्र पटलं. वायरचं अजून नाही.

फुकट सल्ला:
नवीन घ्यायचाच कशाला? फोनमध्ये इक्वलायझर असतो, आवाजाचा हवा तो पट्टा कमी-जास्त करायला. २५० च्या आसपास तीन-चार डेसिबल कमी करा, ६० ला तेवढेच वाढवा. हाच हेडफोन, नवा आवाज. खर्च शून्य.

खर्जप्रेमी:
कमी करण्यापर्यंत सहमत. वाढवताना आधी एकूण पातळी तेवढी खाली आणायची, नाहीतर आवाज फाटतो. आणि पडदाच हलका असेल तर ६० ला रेटलं की तो फरफरणारच. इक्वलायझरने उतार-चढ बदलतात, फरफर जात नाही. थोडक्यात, बऱ्या मालाला चांगला करता येतो. टाकाऊ माल टाकाऊच राहतो.

तंबोरा:
माझा सूर वेगळा. तुम्ही दोघेही गाणं सोडून यंत्रावर भांडताय. माझ्या संग्रहात १९५०-६० ची रेकॉर्डिंगं जास्त. त्यांत खोल बेस मुळात फारसा नाहीच. तिथे 'एक्स्ट्रा बेस' लावला की नुसती गुणगुण वाढते. शब्द कळायचे तर दोन-चार हजार हर्ट्झचा भाग शाबूत हवा, व्यंजनं तिथे ऐकू येतात. माझ्याकडे कॉसचा पोर्टा प्रो आहे. १९८४ साली आलेलं मॉडेल, अजून जवळपास त्याच रूपात मिळतं. कानावर टेकणारा, उघडा. बेस गुबगुबीत आहे, हो, तुमच्या त्या निषिद्ध पट्ट्यातसुद्धा! पण लताबाईंचा गळा कुठे दबत नाही. आलेखात काय दिसेल ते दिसो.

खर्जप्रेमी:
पोर्टा प्रोपुढे माझा सिद्धांत थोडा लंगडा पडतो, मान्य. मात्र लताबाईंचा गळा त्या पट्ट्याच्या बराच वर चालतो, म्हणून तो वाचतो. भीमसेनजी लावून पाहा आणि सांगा. शिवाय तो उघडा आहे. लोकलकरांच्या डब्यात तो कामाचा नाही, आणि भाचीच्या हॉस्टेलच्या खोलीत तर शेजारणीलाही सगळं ऐकू जाईल.

तंबोरा:
लावला. अभंगात पखवाज जरा अंगावर येतो. पण गोड येतो.

पथकातला:
मग शेवटी घेतलंत काय?

खर्जप्रेमी:
मूनड्रॉप कंपनीचं चू २ आणि सेव्हन हर्ट्झ कंपनीचं झीरो २ या वायरच्या दोन इन-इअरांत घोटाळत होतो. पहिल्यात मिड्स जास्त मोकळे वाटले, दुसऱ्यात खालचा दणका जास्त आणि तरी शब्द जागेवर. दुसरं घेतलं. दोन्हींची वायर सुटी होते, म्हणजे तुटली तर फक्त वायर बदलायची. लोकलकर, हे तुमच्यासाठी. भाचीनं मास्तरांच्या सांगण्यावरून सगळ्यात लहान रबर लावलं, तेव्हा कुठे बेस आला. त्याआधी "मामा, हे बिघडलेलं आहे का?" असा फोन येऊन गेला होता.

लोकलकर:
तिच्या फोनला जॅक आहे?

खर्जप्रेमी:
नाही. टाइप-सीचा डोंगल (चार्जिंगच्या भोकात वायर जोडायचा तुकडा) वेगळा घ्यावा लागला.

लोकलकर:
म्हणजे दोन हजारांत बसलं नाही.

खर्जप्रेमी:
नाही बसलं.