चौथीच्या वर्गात बचत बँक: हिशेब कसा ठेवावा?

प्रश्न: जळगाव तालुक्यातली झेडपी शाळा, २५ मुलं. सुरुवात कशी करू?

उत्तर १: सर, प्रत्येकाला छोटी वही द्या: तारीख, जमा, काढले, शिल्लक. आठवडे बाजाराच्या आदल्या दिवशीच व्यवहार. बेरीज पोरांनीच करावी आणि पेटीतली रोकड तिथंच जुळवावी. उद्यावर टाकलं की दोन रुपयांचा फरक सापडत नाही. कोणाचे किती, हे फळ्यावर मुळीच लिहू नका. गरिबाघरचं पोर खट्टू होतं.

उत्तर २: व्याज केळीवरून समजवा. खोडाला पिलं (बाजूला फुटणारी नवी रोपं), तसं मुद्दलाला व्याज. पिलाला पुढं पिलं, ते चक्रवाढ.

उत्तर ३: दहा वर्षं पूर्ण झाली की पोस्टात मुलाच्या स्वतःच्या सहीनं खातं निघतं, किमान ५०० रुपये. आरडी, म्हणजे दर महिन्याला ठरलेली रक्कम भरायचं खातं, महिना १०० पासून, ५ वर्षांची. हप्ता चुकला तर शंभराला १ रुपया दंड, म्हणून झेपेल तेवढाच ठरवा.