ओएई यंत्राची अचूकता प्रसूतिगृहातच तपासता येते का?

प्रश्न (प्रसूतिगृह, अशोक चौक परिसर, सोलापूर)

आमच्याकडे महिन्याला शंभरएक बाळंतपणे होतात. नवजात बाळांच्या श्रवणचाचणीसाठी एक ओएई यंत्र (कानात बारीक आवाज सोडून अंतर्कर्णातून परत येणारा प्रतिध्वनी टिपणारे) घ्यायचे ठरले असून दोन कंपन्यांची यंत्रे सध्या वापरून पाहण्यासाठी ठेवून घेतली आहेत. त्यांपैकी एक विक्रेता ‘९८ टक्के अचूकता’ असे सांगतो. अडचण अशी, की त्याच बाळाच्या त्याच कानाला एक यंत्र ‘पास’ देते आणि पाठोपाठ दुसरे ‘रेफर’, म्हणजे ‘पुढील तपासणीला पाठवा’. मागच्या गल्लीत यंत्रमाग दिवसभर चालू असतात, हेही सांगून ठेवतो. यांपैकी कोणत्या यंत्रावर विश्वास ठेवावा, हे आमचे आम्हाला ठरवता येईल का?

प्रतिसाद १ (ऑडिओलॉजिस्ट)

डॉक्टर, त्या ९८ टक्क्यांनी भारावून जाऊ नका. जन्मतः कायमचा श्रवणदोष साधारणपणे हजारी १ ते ३ बाळांत आढळतो. हजारी २ धरले, तर प्रत्येक बाळाला डोळे झाकून ‘पास’ देणारे बंद पडलेले यंत्रसुद्धा ९९.८ टक्के ‘अचूक’ ठरेल! विचारायचे ते असे, की ज्यांना खरोखर ऐकू येत नाही त्यांच्यापैकी किती बाळे यंत्राने पकडली आणि ज्यांना नीट ऐकू येते त्यांच्यापैकी किती जणांना उगाच ‘रेफर’ केले.

यातला पहिला आकडा आपल्याकडे मिळणे कठीण आहे, कारण वर्षाकाठी बाराशे जन्मांत अशी दोन-तीनच बाळे निघतील आणि ‘पास’ झालेल्या बाळांचा पुढे पाठपुरावा केला नाही, तर सुटलेले बाळ सुटले हेही कळणार नाही. त्यापेक्षा ज्या मुलांचा श्रवणदोष निदानात्मक एबीआर तपासणीने (आवाजाला श्रवणचेता व मेंदू देतात तो विद्युत प्रतिसाद मोजणारी) आधीच सिद्ध झाला आहे, अशा मुलांवर पालकांच्या संमतीने दोन्ही यंत्रे लावून पाहावीत. त्यांत मध्यम दोषाची मुले अवश्य असावीत, कारण पूर्ण बहिरेपण कोणतेही यंत्र ओळखते. मात्र श्रवणचेतेचा (कानाकडून मेंदूकडे संदेश नेणाऱ्या नसेचा) दोष असलेली मुले यात धरू नयेत, कारण अंतर्कर्णातील बाह्य केशपेशी (हा प्रतिध्वनी निर्माण करणाऱ्या पेशी) शाबूत असल्या की ओएई ‘पास’ होते. म्हणूनच एनआयसीयूतील (नवजात अतिदक्षता विभागातील) बाळांची चाचणी एबीआरने करतात.

प्रतिसाद २ (वैद्यकीय उपकरणांची देखभाल करणारा)

दोन यंत्रांचे न जुळण्याचे कारण पुष्कळदा निकषांत असते. एक यंत्र चारपैकी तीन वारंवारितांवर प्रतिसाद मिळाला की ‘पास’ म्हणते, तर दुसऱ्याची सेटिंग त्याहून कडक असते. दोन्हींचे निकष सारखे करून मगच तुलना करावी.

रोज सकाळी प्रोब (यंत्राचा कानात बसवायचा भाग) कंपनीने दिलेल्या चाचणी-पोकळीत (कानाऐवजी वापरायच्या छोट्या बंद पोकळीत) बसवून चाचणी चालवावी. पोकळीला कान नसतो, त्यामुळे तिथे ‘रेफर’च यायला हवे, आणि ‘पास’ आले तर यंत्र स्वतःच्याच आवाजातील विकृतीला कानाचा प्रतिध्वनी समजत आहे. पाठोपाठ ऐकू नीट येणाऱ्या एखाद्या परिचारिकेच्या कानात ‘पास’ येते का, तेही पाहावे. प्रोबच्या टोकाची बारीक छिद्रे मळाने बुजली, तर चांगले यंत्रही बाळामागून बाळ ‘रेफर’ करत सुटते. वर्षातून एकदा कॅलिब्रेशन (यंत्राची मापे प्रमाणाशी जुळवणे) करून घ्यावे.

यंत्रमागांचा आवाज मुख्यतः खालच्या वारंवारितांना बाधतो. आतली, रस्त्यापासून दूरची खोली घ्या आणि बाळ दूध पिऊन झोपल्यावर तपासा.

प्रतिसाद ३ (बालरोगतज्ज्ञ)

बाळ किती तासांचे असताना तपासता, हे आपण लिहिलेले नाही. पहिल्या दिवशी कानाच्या नळीत पांढरा चिकट थर आणि द्रव राहिलेला असतो व त्यामुळे फुकट ‘रेफर’ वाढतात. शक्य असल्यास घरी सोडण्याच्या थोडे आधी तपासावे.

प्रश्नकर्ता

आम्ही बहुतेक बाळे बारा तासांच्या आतच तपासत होतो. आता वेळ पुढे ढकलून आणि दोन्ही यंत्रांचे निकष जुळवून, आलटून-पालटून आधी एक, मग दुसरे अशी चाचणी करू. ज्या कानांबाबत मतभेद उरेल, ते सर्व एबीआरसाठी पाठवू. ‘९८ टक्के’वाल्या विक्रेत्याकडे चाचणी-पोकळी मागितली, तर तो म्हणाला, ‘ती कशाला लागते?’ तो ती देणार नसेल, तर त्याचे यंत्र यादीतून वगळू.