मदत हवी आहे : मुलांच्या वाचनावर संशोधन करण्यासाठी पीएचडी कॉग्निटिव्ह सायन्समध्ये करावी की शिक्षण संशोधनात?

नमस्कार.

मी मानसशास्त्रात एम. ए. केले असून सध्या पुण्यात प्राथमिक शाळांतील मुलांच्या वाचनचाचण्या घेण्याचे काम करते. पुढेही याच विषयात राहायचे हे नक्की आहे. मार्ग मात्र ठरत नाही : कॉग्निटिव्ह सायन्स, म्हणजे माणूस कसा समजतो, शिकतो, लक्षात ठेवतो याचा मुख्यतः प्रयोगांतून अभ्यास करणारे शास्त्र, की प्रत्यक्ष वर्गातल्या शिकण्या-शिकवण्याचा अभ्यास करणारे शिक्षण संशोधन?

माझा प्रश्न देवनागरी वाचनाचा आहे. ‘कि’ लिहिताना वेलांटी आधी दिसते, पण उच्चारात इकार नंतर येतो. ‘सूर्य’ या शब्दातला रफार तर ज्याच्या आधी उच्चारायचा त्या अक्षराच्याच डोक्यावर बसतो. डोळ्यांना दिसणारा क्रम आणि तोंडाने म्हणायचा क्रम असा वेगळा पडल्यामुळे दुसरी-तिसरीतल्या मुलांचे वाचन किती अडखळते, आणि शिकवण्याची पद्धत बदलून ते सुधारता येईल का, हे मला तपासायचे आहे. हिंदी वाचकांवर वैद आणि गुप्ता यांचा अशा स्वरूपाचा अभ्यास २००२ मध्ये प्रसिद्ध झाला आहे.

प्रयोगाची शिस्त आधी अंगी बाणावी, असे मला वाटते; म्हणून कॉग्निटिव्ह सायन्सकडे ओढा आहे. रोडिगर आणि कार्पिकी या मानसशास्त्रज्ञांच्या २००६ च्या प्रयोगांत पाच मिनिटांनी घेतलेल्या चाचणीत उतारा पुन्हा वाचणारे विद्यार्थी पुढे होते, पण आठवड्यानंतर न पाहता आठवून लिहिण्याचा सराव केलेले पुढे गेले. मोजमाप कधी करायचे याचे भान नसेल, तर वर्गातला निष्कर्षही असाच उलटा निघू शकतो. दुसरीकडे, स्मृतीवरील प्रयोगांपासून सुरुवात करून वर्गात आलेल्या ॲन ब्राउन यांनी १९९२ च्या लेखात दाखवून दिले, की वर्गात शिक्षक, अभ्यासक्रम आणि मुलांचा आपसांतला संवाद हे सारे एकमेकांत इतके गुंतलेले असते की त्यातला एकच घटक सुटा काढून तपासता येत नाही. त्यामुळे केवळ प्रयोगशाळेत राहिल्याने माझे काम भागणार नाही.

आयआयटी गांधीनगर किंवा कानपूर येथे कॉग्निटिव्ह सायन्समध्ये पीएचडी करताना मराठी शाळांत दीर्घकाळ काम करू दिले जाते का? मुंबईतील होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राचा भर विज्ञान आणि गणित शिक्षणावर आहे; तिथे भाषावाचनाचा विषय स्वीकारला जाईल का? शिवाय माझ्याकडे बी. एड. वा एम. एड. नाही, तेव्हा कॉग्निटिव्ह सायन्समधील पीएचडीनंतर शिक्षणशास्त्र विभागात प्राध्यापकपद मिळण्यास अडचण येते का? या वाटेने गेलेल्यांनी, किंवा ज्यांचे विद्यार्थी गेले आहेत अशा प्राध्यापकांनी, कृपया सविस्तर लिहावे.