शाश्वत, टिकाऊ की धारणक्षम?

प्रश्न: एका अहवालाचं मराठी तपासते आहे. त्यात इंग्रजी 'sustainable'साठी सगळीकडे 'शाश्वत' लिहिलंय. 'शाश्वत विकास' रूढ आहे, त्याला हात लावत नाही. पण पुढे 'शाश्वत मासेमारी', 'शाश्वत खाणकाम' आलं आणि अडखळले. शाश्वत म्हणजे ज्याला अंत नाही ते. खाण कशी शाश्वत असेल? 'टिकाऊ' चालेल का?

– 'टिकाऊ' नको. प्लास्टिक चांगलंच टिकाऊ असतं आणि तोच तर त्याच्याविषयीचा आक्षेप आहे! कल्पना मुळात वस्तूच्या आयुष्याची नाहीच, वेगाची आहे. सॅक्सनीत खाणींचा कारभार पाहणाऱ्या हान्स कार्ल फॉन कार्लोविट्सने १७१३ साली वनशास्त्रावर ग्रंथ लिहिला, कारण धातू गाळणाऱ्या भट्ट्यांना लाकूड पुरेनासं झालं होतं. जंगल जेवढं वाढतं तेवढंच तोडा, असं त्याचं म्हणणं. पर्यावरण आणि विकासावर संयुक्त राष्ट्रांनी नेमलेल्या ब्रुंटलँड आयोगाने १९८७ च्या अहवालात त्यात पुढच्या पिढ्या आणल्या: त्यांना आपल्या गरजा भागवता येतील एवढं राखून आजच्या गरजा भागवायच्या. 'गरजा' हं, हौस नव्हे. 'शाश्वत'मध्ये ही अट दिसतच नाही, नुसतं आश्वासन दिसतं.

– म्हणून मी 'धारणक्षम' लिहितो. कानाला जड आहे, कबूल. पण मासेमारीला चपखल बसतो. न्यूफाउंडलंडजवळच्या समुद्रात कॉड मासा वाढीच्या वेगापेक्षा जास्त काढला गेला. १९९२ मध्ये कॅनडाला तिथली व्यापारी मासेमारी बंद करावी लागली, ३० हजारांहून अधिक लोकांचा रोजगार गेला. समुद्राला जेवढं झेपतं तेवढंच घ्यायचं, हे 'धारणक्षम'मधून कळतं. खाणीला मात्र तोही लावू नका. खनिज पुन्हा वाढत नाही.

– खाणीसाठी आपल्याकडे साधं क्रियापद आहे की: पुरवून वापरणे. साठा ठरलेला आहे, तो जास्तीत जास्त काळ पुरवायचा. त्यात कमी काढणं आलं, काढलेलं परत वापरणंही आलं. ॲल्युमिनियम वितळवून पुन्हा वापरलं तर खनिजापासून नवं करण्याच्या साधारण ५ टक्केच ऊर्जा लागते. जंगलाला किंवा माशांना हा शब्द अपुरा पडेल. तिथे पुरवणं महत्त्वाचं नाही, वाढू देणं महत्त्वाचं.

प्रश्नकर्ती: हे पटलं. मासेमारी 'धारणक्षम' करते. खाणकामाचं विशेषण काढून 'खनिजे पुरवून वापरण्यासाठी' अशी वाक्यरचना करते. आणखी एक. संयुक्त राष्ट्रांच्या १७ शाश्वत विकास उद्दिष्टांपैकी बाराव्यात 'जबाबदार उपभोग' लिहिलेलं दिसतं. 'उपभोग' खटकतो.

– खटकायलाच हवा, त्यात भोग आहे. अर्थशास्त्रात तो पक्का रुळलाय, म्हणून उद्दिष्टाचं नाव द्याल तिथे राहू द्या. पण पाणी, वीज, कागद यांच्याबद्दल लिहिताना बिनधास्त 'वापर' लिहा. पाण्याचा कोणी उपभोग घेत नाही.

– पोहणारे घेतात!