कॅप्सूलवाला की पंप? घरात भांडण लागलंय

हरिपूरकर (सांगली): आमच्या अण्णांना सीओपीडी (श्वासनळ्या अरुंद होऊन दम लागायचा जुनाट आजार), वय ७२. उभा जन्म मार्केट यार्डात हळदीच्या धुळीत गेला. डॉक्टरांनी आता कॅप्सूलवाला इनहेलर बंद करून पंप (दाबला की औषधाचा फवारा सोडणारा इनहेलर) आणि त्याला लावायचा स्पेसर दिलाय. मला नाही पटलं. कॅप्सूल घातली, फिरवली, ओढली, झालं. पावडर उरली का ते डोळ्याला दिसतं. आणि ते स्पेसरचं नळकांडं पाहुण्यांसमोर काढायला अण्णा लाजतात.

मिरजेची सिस्टर: दादा, कॅप्सूलवाल्यात औषध ढकलायला गॅस नसतो, सगळी मदार ओढणाऱ्याच्या दमावर. एका झटक्यात, जोरात ओढावं लागतं. पंपाचं उलटं, सावकाश ओढायचं. स्पेसर लावला की दाबणं न् ओढणं एकाच वेळी जमवायची कटकट नाही. एकदा दाबायचं, पाच-सहा वेळा संथ श्वास घ्यायचा. अण्णांनी ओढल्यावर आत किती पावडर राहते ते आज बघाच.

कोयनाकाठ (पाटण): सिस्टरशी सहमत. आमच्याकडे पावसाळ्यात मिठाला पाणी सुटतं, तिथं कॅप्सूल काय टिकणार? आईनं एकदा धुतलेलं यंत्र ओलं असतानाच वापरलं, पावडरीचा लगदा झाला. (शेजारचे एक आजोबा तर कॅप्सूल पाण्याबरोबर गिळत होते. महिनाभर!)

डबल बेल: मी एसटीत वाहक, दमा लहानपणापासून. स्पेसर काय तिकिटाच्या पेटीत ठेवू? कॅप्सूलवाला शर्टाच्या खिशात मावतो. पंपाची गंमत ऐका: माझ्या जुन्या पंपावर किती डोस उरले ते दाखवणारा काउंटर नव्हता. खंबाटकीच्या घाटात दम लागला, दाबतोय तर फुस्स फुस्स येतंय, छातीला फरक शून्य. औषध संपलेलं, नुसता गॅस. त्या दिवसापासून पंपाला रामराम.

मिरजेची सिस्टर: मग काउंटरवाला घ्या की! पण तुमचा दम चांगला आहे, तुम्हाला कॅप्सूल चालेल. प्रश्न अण्णांचा आहे.

हरिपूरकर: काल रात्री बघितलं. दोनदा ओढूनही निम्मी पावडर आतच. हरलो म्हणा. पण अण्णांचं सुरूच: "माझ्यावर काय औषधफवारणी करताय, मी काय द्राक्षबाग आहे?"

मिरजेची सिस्टर: 😄 पुढच्या वेळी दोन्ही यंत्रं घेऊन या, समोर ओढून दाखवू देत. आणि औषधात स्टेरॉइड असेल तर नंतर गुळणी करून थुंकायचं, नाहीतर तोंडात पांढरी बुरशी धरते. करतात ना?

हरिपूरकर: वरनं चहा पितात. चालतंय का?